पुरुषांसाठी, दर रविवारी

हिंडलगा, बेळगाव
१० जून २०२४

चि. विक्रम यास,

आक्काचे आशीर्वाद. एरवी अनेक असतात, आज मोजकेच आहेत.

सौम्या काल सकाळी निपाणीच्या बसनं माझ्याकडं आली. तू तिच्या माहेरी खानापूरला फोनवर फोन करतो आहेस असं कळलं, म्हणून कळवते. माहेरी ती गेली नाही. गेली असती तर तिच्या वडिलांनी जेवू घातलं असतं, समजूत काढली असती आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आणून सोडली असती. पोरीला ते ठाऊक होतं. नवऱ्यानं मारलं म्हणून बाई नणंदेच्या घरी जाते, ही आपल्या घराण्यातली पहिलीच नवलाई. मला तर फार मान वाटला.

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. डॉक्टरकडं मीच घेऊन गेले. त्या बाजूनं हाक मारली तर ती ओ देत नाही.

तुझा फोन मी एकदाच घेतला. आधी म्हणालास, मारलं नाही, हात लागला. मग म्हणालास, गाडीत जागा कमी होती. मग तीच मध्ये आली. आणि शेवटी म्हणालास की कागलच्या लग्नाहून परत येताना जे झालं ते कोगनोळीच्या चेकपोस्टच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात झालं, तेव्हा बेळगावच्या कुणी त्यात पडायचं कारण नाही. विक्रम, सीमाप्रश्नाचा असा उपयोग आजवर कुणाला सुचला नव्हता. इतकी वर्षं लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, ते तुला बायकोच्या कानाखाली वाजवायला सोयीची हद्द मिळावी म्हणून, हे मला माहीत नव्हतं.

इथल्या समुपदेशन केंद्रात पारमिता म्हणून एक बाई आहेत. त्यांना तुझा हा मुद्दा सांगितला. त्या म्हणाल्या, बाई जिथं राहते तिथं कायदा तिच्या मागोमाग येतो, चेकपोस्टवर पावती फाडत थांबत नाही. सौम्या आज तरी पोलिसांत जात नाही. तिचं म्हणणं एवढंच की निपाणीत बायकोवर हात उचलणाऱ्या पुरुषांचा गट दर रविवारी बसतो, त्यात तू जावंस. बुद्धप्रिय नावाचे गृहस्थ तो चालवतात. गेलास तर पुढचं बोलू. नाही गेलास तर तक्रार मीच लिहून देईन. शाळेत मराठी शिकवते, माझं अक्षर चांगलं आहे.

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तू ओरडतोस. पत्रात माणसाला मध्येच ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र.

माया आहे. ती आटू द्यायची की नाही हे तुझ्यावर.

तुझी,
जया आक्का

*

कोगनोळी
१८ जून २०२४

ती. आक्कास,

विक्रमचा सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यापास्नं पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. चुका तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नकोस.

आक्का, तू बहीण माझी की तिची? तिनं काय केलं ते तिनं तुला सांगितलं नसणार. लग्नात मी गाडी लावत होतो तर चार दोस्तांसमोर म्हणाली, ह्यांना गाडी रिव्हर्स घेता येत न्हाय, आता मांडवाचा खांब पाडतील बघा. सगळी हसली. निपाणीत माझं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, निम्म्या तालुक्याचे ट्रॅक्टर माझ्या पार्टवर चालत्यात, आणि मला रिव्हर्स येत न्हाय? माणसाला इज्जत असते का न्हाय?

आणि आप्पांनी आईला काय कमी मारलं? आई कधी घर सोडून गेली न्हाय. आईला विचारलं तर ती म्हणाली, सौम्याला समजावून धाड म्हणावं जयाला, शेतात भांगलणीला बाई मिळंना झालीया. हे आईचं बोलणं हं, माझं न्हाय.

गटाचं म्हणशील तर रविवारी लांबनं बघून आलो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसतो. खाली बोर्ड लावलाय, ‘पुरुषांसाठी. दर रविवारी. नाव गुप्त राहील.’ जिन्यापाशी पानवाला आहे. त्यानं मला बोर्ड वाचताना बघितलं आणि हळूच म्हणाला, शेट, लाजू नका, हल्ली लई जणांना होतंय, वरचा डॉक्टर चांगला आहे. त्याला वाटलं गुप्तरोगाचा दवाखाना. मी न्हाय म्हटलं न्हाय. खरं सांगण्यापरीस तेच बरं वाटलं. पान खाल्लं आणि परत आलो.

आणि तो बुद्धप्रिय कोण ते चौकशी केली. त्याचा आजा आपल्या शेतात राबायचा. त्याच्यापुढं मी बसू? संसार कसा करायचा ते तो मला शिकवणार?

सौम्याला सांग, झालं गेलं विसरून ये म्हणावं. कानाचं औषध इथंबी मिळतं.

लोभ असू दे. तिच्यापेक्षा माझ्यावर थोडा जास्त असू दे.

तुझा भाऊ,
विक्रम

*

हिंडलगा
२४ जून २०२४

चि. विक्रम यास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मी सौम्याला वाचून दाखवलं, उजव्या बाजूला बसून. रिव्हर्सचं ऐकून ती एवढंच म्हणाली की ते खरंच येत नाही. आक्षेप घ्यायला मलाही जागा दिसत नाही. आमचं फाटक अजून वाकडं आहे, ते काय वाऱ्यानं वाकलं का?

गुप्तरोग झालेला चालतो, बायकोला मारतो हे कळलेलं चालत नाही. छान. म्हणजे लाज कशाची वाटायला हवी हे तुला पक्कं कळलेलं आहे. मग मारताना ती लाज कुठं ठेवली होतीस?

आई घर सोडून गेली नाही हे तू अभिमानानं लिहिलंस. विक्रम, जायला घर नव्हतं रे. मामानं दोनदा दारातून परत पाठवली तिला. तू तेव्हा पाळण्यात होतास. मी नव्हते. आपल्या आईला कुणी आसरा दिला नाही ही गोष्ट तू तिच्या गुणांत जमा करतोस, तेव्हा मला कपाळ कुठं आपटावं कळत नाही.

बुद्धप्रियांच्या आजोबांनी आपल्या शेतात राबून आपल्याला पोसलं. आता नातू फुकट शहाणपण देतो आहे. त्या घराचे उपकार घ्यायची आपल्याला पिढीजात सवय आहे, आणखी एक घे.

आणि ‘हात लागला’ हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही. हात लागायला तो काय मोकळा फिरत होता? कुणाचा हात, कुणी उचलला, कुणाला मारला, हे सगळं एका वाक्यात बसतं. लिहून बघ.

तुझे दाजी विचारतात, की तू शहाणा कधी होणार. मी म्हटलं, रविवारी.

जीव लावून असलेली,
आक्का

*

कोगनोळी
१५ जुलै २०२४

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

गेलो. झालं समाधान? तीन रविवार झाले.

पहिल्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून गेलतो. वर जाऊन बघतोय तर आणखी तिघांनी रुमाल बांधलेला. बँक लुटायला जमल्यागत दिसत होतो. खुर्च्या न्हाईत, सतरंजी. मी उभाच. बुद्धप्रिय सर म्हणाले, तुमच्या शेतात आमचा आजा बांधावर बसून जेवायचा, तुम्हाला सतरंजी जड जाणार न्हाय. सगळी हसली, मला बसावं लागलं.

ओळख करून घ्यायला सुरुवात झाली तर एकबी जण मारणारा निघंना. यल्लाप्पा म्हणून रिटायर झालेले बस ड्रायव्हर आहेत, ते म्हणाले, मी भाच्याला सोडायला आलोय. भाचा कुठाय म्हटलं तर घरी. बँकेतला सौरव म्हणाला की त्याच्यात कम्युनिकेशन गॅप आहे. ह्या गॅपमधनं त्याच्या बायकोचं मनगट कसं मोडलं ते सांगितलं न्हाय. हॉटेलवाला शामू म्हणाला, मी फक्त ताट फेकतो, बायको मध्ये येती. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे अख्ख्या निपाणीत मारणारा एकबी न्हाय, बायकाच पडून पडून फुटतात.

मग त्यांनी तुझ्यासारखंच केलं. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, ‘मी’नं सुरू करायचं, आणि त्यात ‘पण’ आला की पुन्हा पहिल्यापास्नं. आक्का, ‘पण’ बिगर बोलायला लई अवघड. मी म्हटलं, मी मारलं पण ती आधी. सर म्हणाले, पुन्हा. मी म्हटलं, मी मारलं खरं, फक्त. सर म्हणाले, ‘फक्त’ हा ‘पण’चा चुलत भाऊ. यल्लाप्पा तर घामाघूम झाले. एवढा घाम घाटात ब्रेक फेल झाल्यावरबी आला नव्हता म्हणाले.

असो. आता मी नेमानं जातोय. सरांना सर्टिफिकेट मागितलं, देत न्हाय म्हणतात. पण तू साक्षीला आहेस. पुढच्या महिन्यात येतो आणि सौम्याला घेऊन जातो. आईनं लाडू करायला घेतलेत. मी साडी घेतलीया, जांभळी, तिला आवडती तसली.

माझं कौतुक कर की जरा. तेवढं येऊ दे पत्रातनं.

तुझा,
विक्रम

*

हिंडलगा
६ ऑगस्ट २०२४

चि. विक्रम यास,

आशीर्वाद.

रविवारी तू आलास आणि चहा न घेता गेलास. तू काय पाहिलंस ते मला ठाऊक नाही. मी काय पाहिलं ते लिहिते.

तू फाटकातून आलास, साडीची पिशवी एका हातात, लाडवांचा डबा दुसऱ्या हातात. तोंडावर पहिला नंबर आल्याचा आनंद. सौम्या दारात उभी होती. ती तुला या म्हणाली, चांगलं म्हणाली. मग तू डबा खाली ठेवलास आणि दारावरचं तोरण डोक्याला लागत होतं ते बाजूला करायला हात वर केलास. एवढंच केलंस. आणि सौम्या खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, उंबऱ्यातच, मांजरानं अंग चोरावं तशी. तिला स्वतःला कळलं नाही ती कधी बसली.

त्यावर तू काय म्हणालास? तू म्हणालास, मी काय केलं आता? मग म्हणालास, एवढं जाऊन येऊन काय उपयोग. आणि गाडी काढलीस. रिव्हर्स एकदाचा नीट घेतलास, तेवढी प्रगती मात्र मान्य.

मला वाटलं होतं तू मारणं सोडायला जातोस. तू तर तारण ठेवलेली वस्तू सोडवायला जात होतास. इतके रविवार भरले, आता आमचा माल आम्हाला द्या. बुद्धप्रियांचा फोन आला होता. त्याच रविवारी तू गटाला आला नाहीस आणि पुढंही येणार नाही असं कळवलंस, म्हणाले. बायको येत नाही तर मी कशाला येऊ, असं तुझं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, माझ्या भावाचा व्यवहार चोख आहे, नफा नसेल तिथं तो शटर उघडत नाही.

साडी परत पाठवते. लाडू ठेवून घेतले, ते आईचे आहेत.

रागावून लिहिलं आहे, आणि राग पुसून पुन्हा लिहिणार नाही.

आक्का

*

कोगनोळी
९ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

महिनाभर उत्तर दिलं न्हाय. तुझं पत्र वाचून लई चिडलतो. फाडलंबी होतं. आता लिहितोय ते निराळ्या कारणानं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दुकानातनं आलो. मोटारीचा एक बोल्ट अडकलेला, हातोडी दुकानात राहिली, म्हणून म्हटलं बत्त्यानं ठोकावा. खलबत्त्यात बत्ता न्हाय. शोधला, सापडंना. कोनाड्यात विळीबी न्हाय. डोकं फिरलं. आईला ओरडलो, घरातल्या वस्तू जात्यात कुठं म्हणून. आई चुलीपासनं उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.  नुसती माझ्या हाताकडं बघत होती.

बत्ता तिच्या खाटेखाली होता. विळीबी तिथंच, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मी विचारलं, हे इथं कशाला? आई आधी म्हणाली, उंदरं. मग म्हणाली, तू यायच्या टायमाला ठेवतीया बाबा. तुझ्या बापाच्या टायमापास्नंची सवय. मी म्हटलं, आई, मी तुला कधी हात लावलाय का? तर म्हणाली, न्हाय, तू गुणाचा हाईस. पर सौम्याला लागू नये म्हणून ठेवत होतो आम्ही. आम्ही म्हणाली, आक्का. सकाळी सौम्या माझं तोंड बघून सांगायची, आई, आज ठेवून द्या. आणि दोघी मिळून लपवायच्या. मला वाटायचं माझ्या घरात सासू-सुनेचं लई जमतंय. दोस्तांना सांगायचो.

आईला जेवायला बसवलं. ती जेवली, मला जाईना.

रविवारी गटात गेलो. कुणी विचारायच्या आधी बोललो. म्हटलं, मी सौम्याला मारलं. कागलला पहिल्यांदा न्हाय, तिसऱ्यांदा. तिचा कान मी फोडला. एवढंच म्हटलं. शाबासकी मिळंल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी मान हलवली आणि यल्लाप्पांना म्हणाले, हं, तुमचं. यल्लाप्पा म्हणाले, भाचा न्हाय, मीच.

सौम्याला यातलं काय सांगायचं ते तूच ठरव. ये म्हणून मी सांगत न्हाय.

तुझा,
विक्रम

*

बेळगाव
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. विक्रम यांस,

सौम्याचा स. न. वि. वि.

हा मायना आपण परक्या माणसाला लिहितो हे मला कळतं. नवऱ्याला कोणता लिहायचा ते आठवेना.

आक्कांनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. बत्ता लपवायचा ते आईंनी तुम्हाला सांगितलं, मला बरं वाटलं. मी सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं नसतं.

मी बेळगावात एका लॅबमध्ये कामाला लागले आहे. बी.एस्सी. केलं ते लग्नाच्या बायोडेटापुरतं होतं, आता कामाला आलं. आक्कांकडून खोलीवर राहायला गेले. कानाला बरं आहे, पण गर्दीत अजून नीट ऐकू येत नाही. लॅबमध्ये सगळ्यांना मी सांगून टाकलं की नवऱ्यानं मारलं. आधी सगळे माझ्याकडं पाहायचे, आता सवय झाली त्यांना.

त्या लग्नात मी तुम्हाला कमीपणा आणायला बोलले नव्हते. तुम्ही आरशात बघत होता, गाडी भलतीकडं जात होती, मला तुमचं हसू आलं. आपल्या माणसाचं येतं तसं. त्या दिवसापर्यंत येत होतं.

मी परत येणार नाही. तुम्ही रविवारी जाता ते चांगलं करता, जात राहा. पण तुम्ही सुधाराल त्याचं बक्षीस म्हणून मी परत यायची नाही. तुम्ही पुन्हा कधी मारणार नाही असं आक्काही म्हणतात. तसंच होवो. ते खरं आहे का हे बघायला मात्र मला तिथं राहायचं नाही. पुढं कायद्यानं काय करायचं ते पारमिताताईंशी बोलून कळवीन. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एकदा येऊन जावं, एकट्यांनी.

माझे कपडे आणि सर्टिफिकेटं आक्कांकडं पोचवावीत.

कळावे.
सौम्या

*

कोगनोळी
११ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

सौम्याचे कपडे आईबरोबर पाठवले ते मिळाले असतील. आई बसमधनं एकटी आली म्हणून तू घाबरलीस, पण तिनं मला स्टँडवरबी येऊ दिलं न्हाय. चार दिवस राहून आली. सौम्यानं काय काय करून घातलं ते सांगत असती. मी ऐकतो.

तिचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढून आत बसलो. खरं सांगायचं तर राग आलता. एवढं केलं, तरी. आणि मग वाटलं, एवढं म्हणजे काय केलं? मारायचं थांबलो. दुसऱ्या माणसांना त्याच्यासाठी रविवारी जावं लागत न्हाय.

गटात सांगितलं, ती येणार न्हाय. आक्का, तिथं जो गोंधळ झाला तो तू बघायला पाहिजे होता. शामू उठूनच उभा राहिला. मग आम्ही इथं कशाला तंगड्या तोडतोय म्हणाला. सौरव म्हणाला, धिस इज नॉट फेअर. हल्लीच्या बायकांना किंमत न्हाय, माणूस बदलला तरी न्हाय, सगळे एकदम बोलाय लागले. अन्याय झालेल्या लोकांची सभाच भरली. मी मध्ये ओरडलो की तिचं बरोबर आहे. सगळे माझ्याकडं वळले. मलाबी माझं नवल वाटलं. शामू चप्पल घालून निघून गेला, सौरवला मीटिंग आठवली. सर जिन्यापर्यंत गेले त्यांच्या मागं, पुढच्या रविवारी या म्हणाले. दोघंबी खाली उतरून गेले.

काल गेलो तर सर, यल्लाप्पा आणि मी. सतरंजी केवढी मोठी वाटली. सर शामूच्या हॉटेलात जाऊन आले होते म्हणे, चहा पिऊन, काय न बोलता. पुढच्या खेपेला मला न्यायचं म्हणतात. मी गेलो तर शामू ताट फेकंल.

यल्लाप्पांनी विचारलं, विक्रम, तुझी बायको तर यायची न्हाय, मग तू का येतोस? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यांची घरीच आहे ना. मी लई विचार केला. म्हटलं, मामा, माझा आवाज चढला की आई अजून भिंतीकडं सरकती. परवा मी क्रिकेट बघताना ओरडलो, तर हातातला तांब्या खाली ठेवून सरकली. ती सरकायची थांबू दे, मग बघू.

 यल्लाप्पा म्हणाले की त्यांची बायको कुठं सरकती ते त्यांनी कधी बघितलंच न्हाय. आज बघतो म्हणाले.

तुझ्या मागच्या दोन पत्रांत शिव्या कमी झाल्यात. लोभ असावा असं म्हणायला तोंड न्हाय, पण शिव्या असाव्यात ही विनंती.

तुझा,
विक्रम